दोन तळ्यांमधली वाट आणि छातीतला ‘गॅस’

वाचकहो, दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टरसाहेब, पोट्टे चिखलदऱ्याले चाला म्हणतात. मले झेपन काय?’ विचारणारे गृहस्थ साधारण पंचावन्न-साठीचे असतात. रक्तदाबाची गोळी चालू असते, कधी साखरेचीही. पूर्वी मी नाडी बघत असे, रक्तदाब मोजत असे, छातीला स्टेथास्कोप लावत असे आणि ‘जा बिनधास्त, स्वेटर तेवढा घेऊन जा’ म्हणून सांगत असे. आता तसे सांगत नाही. का सांगत नाही, ते आज लिहायचे आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

आपले वर्धा शहर तसे सपाट. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २३० मीटर. जिल्ह्यात उत्तरेला आर्वी-कारंजाच्या बाजूला डोंगर आहेत, समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे, पण आपले रोजचे फिरणे होते ते सपाटीवर. चालणे हा मात्र या जिल्ह्याचा घरचाच विषय म्हणावा लागेल. १९३६ साली गांधीजी सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले, तेव्हाही त्यांचे सकाळ-संध्याकाळचे फिरणे सुटले नव्हते. ज्याला त्यांच्याशी बोलायचे असेल त्याला त्यांच्या बरोबरीने झपाझप पाय उचलावे लागत. पुढे १९५१ मध्ये विनोबा इथूनच हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले आणि संमेलनानंतरच्या पदयात्रेत भूदानाची सुरुवात झाली. त्यांचे वय तेव्हा पंचावन्न होते. तेव्हा चालण्याचे महत्त्व वर्धेकरांना मी काय सांगणार! सांगायचे आहे ते चढाबद्दल.

आम्ही सकाळी फिरणारे आठ-दहा जण आहोत. कोणी दुकानदार, कोणी बँकेतून निवृत्त झालेले, एक शेतकरी, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि मी. मुख्याध्यापकांना सगळे गाव गुरुजी म्हणते, मीही म्हणतो. वय त्या वेळी चौसष्ट. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आमचे चिखलदऱ्याला जायचे ठरले. पुढची हकीकत गुरुजींच्या परवानगीने लिहीत आहे. ‘लिहा, पण माझं नाव नका टाकू, नाहीतर रोज दहा जण विचारायला येतील,’ एवढीच त्यांची अट होती.

अमरावती, परतवाडा आणि मग घाट. घाटात दोघांना उलट्या झाल्या, ते सोडून द्या. (गाडी लागणाऱ्यांनी घाटाआधी पोटभर जेवू नये, पुढच्या सीटवर बसावे, खाली मोबाईलमध्ये बघत बसू नये. एवढे पाळले तरी निम्मे काम होते.) खाली साग, वर जाऊ लागलो की जांभूळ, आंबा आणि ढग. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. विदर्भातले एकमेव थंड हवेचे ठिकाण म्हणून आपण कौतुकाने जातो. कॉफीची झाडेही तिथे आहेत. कीचकाला भीमाने मारून दरीत टाकले ती ही कीचकदरा, अशी कथा तिथे सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा बेत होता शक्कर तलावापासून काळापाणी तलावापर्यंत पायी जायचा. चिखलदऱ्याला पाऊस धो धो पडतो, पण काळ्या कातळाच्या कड्यांवरून पाणी दरीत निघून जाते. म्हणून पठारावर अडवलेल्या तळ्यांना तिथे फार किंमत आहे. जवळच्या गाविलगडावरसुद्धा जुने तलाव आहेत. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो किल्ला भोसल्यांकडून घेतला. एवढ्या उंचीवर शिबंदी राहायची म्हणजे आधी पाण्याची सोय पाहिजे, हे बांधणाऱ्याला पक्के ठाऊक होते.

शक्कर तलाव गावाजवळचा, माणसांच्या वर्दळीचा. नौकाविहाराला लोक येतात, फोटो निघतात, मक्याची कणसे भाजली जातात. आमच्यातले दुकानदार मधुमेही आहेत. ते म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, नावातच शक्कर हाय, मी लांबूनच पाहतो.’ तिथून निघालो तेव्हा ऊन कोवळे होते आणि समोरच्या डोंगरावरचे धुके उठत होते. रस्त्याच्या कडेने तेरडा फुललेला, गवत कमरेएवढे. वाट काही अवघड नाही. थोडी सपाटी, थोडा चढ, पुन्हा उतार, पुन्हा चढ. लहान मुलेही सहज चालतात. आमच्या पुढून डोक्यावर मोळी घेतलेल्या तीन-चार कोरकू बाया चालल्या होत्या. चढावर त्यांचा वेग कमी झाला नाही की बोलणेही थांबले नाही. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘बघा, यांना कुठला आला हार्ट अटॅक!’ मला ते बोलणे आवडले नाही. त्या बाया हौसेने चालत नव्हत्या. मेळघाटातल्या माणसांची दुखणी वेगळी आहेत आणि ती आपल्यापेक्षा हलकी नाहीत.

आमचे गुरुजी सपाटीवर सगळ्यांच्या पुढे. वर्ध्यातही तसेच, रोजचे चार किलोमीटर ते न थकता चालतात. पण पहिला चढ लागला, अर्धा झाला आणि गुरुजी थांबले. ‘वा! काय देखावा आहे!’ असे म्हणून मागे वळून तळ्याकडे बघत राहिले. आम्हीही थांबलो. देखावा खरोखरच सुंदर होता. दोन मिनिटांनी पुढे निघालो. दुसऱ्या चढावर गुरुजी पुन्हा थांबले. ‘काय हवा आहे!’ ठीक आहे. तिसऱ्या चढावर ते थांबले, तेव्हा मी त्यांच्या मागेच होतो. तिथून ना तळे दिसत होते, ना दरी. समोर घाणेरीचे एक झुडूप होते आणि गुरुजी त्या झुडपाकडे बघत उभे होते. उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध टेकवलेली.

मी विचारले, ‘गुरुजी, काय होतंय?’

‘काही नाही हो. सकाळचे पोहे आणि ती रबडी. गॅस धरलाय. आता ढेकर येईल आणि मोकळं होईल.’

‘थांबल्यावर कमी होतो?’

‘हो. उभं राहिलं की दोन मिनिटांत जातो. तुम्हीच तर त्याची गोळी देता ना दोन वर्षांपासून!’

वाचकहो, त्या शेवटच्या वाक्याने माझ्याच पोटात गोळा आला. गुरुजी माझेच पेशंट. दोन वर्षांपूर्वी ते दवाखान्यात आले होते आणि म्हणाले होते, ‘जेवून शाळेत जायला निघालो की छातीत गॅस धरतो.’ निवृत्त झाल्यावरही संस्थेच्या कामासाठी ते दुपारी सायकलने शाळेत जात. वाटेत रेल्वेचा पूल लागतो. मी ऐकले ते ‘जेवून’. ‘निघालो की’ हे दोन शब्द माझ्या कानावरून गेले. ईसीजीची पट्टी काढली, ती नॉर्मल आली. मी अॅसिडिटीची गोळी लिहून दिली. पुढे त्यांनी सायकल सोडून मुलाच्या गाडीवर बसून जाणे सुरू केले. त्रास कमी झाला. गुरुजींना वाटले गोळीने गुण आला, मलाही तसेच वाटले. वर्ध्याच्या सपाटीवर पोटात काही नसताना सकाळी चालण्याने त्यांना काहीच होत नव्हते, म्हणून संशय यायला जागा उरली नाही. खरी परीक्षा झाली ती न्याहारीनंतर चिखलदऱ्याच्या चढावर.

हा गॅस नव्हता. याला अंजायना म्हणतात. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी आतून अरुंद झालेली असते. स्वस्थ बसलेल्या हृदयाला तेवढे रक्त पुरते. मागणी वाढली की कमी पडते आणि छातीत दाटल्यासारखे, दाबल्यासारखे, जड ओझे ठेवल्यासारखे वाटते. थांबले की मागणी उतरते आणि त्रास जातो. शेतातल्या पाइपमध्ये गाळ साचल्यासारखे समजा. एका वाफ्याला पाणी पुरते, चार वाफे एकदम उघडले की शेवटचा कोरडा राहतो.

हे काही नवे ज्ञान नाही. विल्यम हेबर्डन नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी १७६८ साली आपला निबंध वाचला आणि तो १७७२ मध्ये छापून आला. चालताना, त्यातही चढावर आणि त्यातही जेवणानंतर छातीत धरते आणि उभे राहिले की जाते, हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे. तेव्हा ईसीजी नव्हता, रक्तदाबाचे यंत्र नव्हते, स्टेथास्कोपसुद्धा नव्हता. डॉक्टरांनी पेशंटचे ऐकले होते, एवढेच. अडीचशे वर्षांनंतर यंत्र जवळ असूनही मी ऐकले नाही. पट्टी नॉर्मल आली म्हणजे हृदय ठीक, असे नसते. ती बसलेल्या हृदयाची पट्टी असते. अंजायनाच्या पुष्कळ पेशंटांची पट्टी त्रास नसताना अगदी स्वच्छ येते.

परदेशातल्या शहरांमध्ये यालाच दुकानांच्या काचेचा आजार असेही म्हणतात. चालता चालता छातीत किंवा पोटरीत दुखू लागते आणि लाजेपायी माणूस एखाद्या दुकानाच्या काचेसमोर माल बघितल्यासारखे करून थांबतो. आमच्या गुरुजींनी देखावा बघितला, एवढाच फरक. आपल्या गावात लोक पानठेल्यावर थांबतात, चपलेचा अंगठा नीट करतात, ओळखीच्या माणसाला हाक मारतात. आपण स्वतः असे थांबतो का, हे ज्याचे त्याने बघावे.

पोटरीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो आणि उभे राहिल्यावर जातो, हेही रक्तवाहिनीचेच दुखणे असू शकते, पायाच्या रक्तवाहिनीचे. बिडी-सिगारेटवाल्यांत आणि मधुमेह्यांत ते जास्त. खर्रा खाणाऱ्यांनीही आपण बिडी ओढत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. तंबाखू जाळली काय आणि चघळली काय, रक्तवाहिनीला ती सोडत नाही.

तर त्या दिवशी आम्ही काय केले? गुरुजींना कडेच्या दगडावर बसवले. दुखणे गेलेले होते. घाम नव्हता, नाडी ठीक होती. माझ्या पिशवीत सॉर्बिट्रेट आणि अॅस्पिरीन होते. वापरायची वेळ आली नाही, पण सॉर्बिट्रेटची गोळी गुरुजींच्या खिशात ठेवली. पुन्हा धरले तर बसून जिभेखाली ठेवायची, उभ्याने नाही, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते, असे समजावले. पुढचे चालणे बंद. गुरुजी रागावले. ‘एवढ्या लांब आलो ते काळापाणी बघायलाच ना!’ शेवटी गाडी मागवली आणि त्यांना गाडीने काळापाणीला नेले. तो तलाव शांत आहे. शक्करसारखी गर्दी नाही, पाणी नावाप्रमाणे गर्द दिसते. गुरुजी काठावर बसून राहिले. त्यांच्याशेजारी बसून मी त्यांना खरे काय ते सांगितले. ‘दोन वर्षे मी चुकीची गोळी देत होतो,’ हेही सांगितले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मीही वर्गात पोरांचं अर्धं वाक्य ऐकूनच छडी मारायचो.’

त्याच दिवशी दुपारी आम्ही परत निघालो. दोन दिवसांत नागपूरला तपासणी झाली. अँजिओग्राफीत एक मोठी रक्तवाहिनी फार अरुंद झालेली निघाली. तिथे स्टेंट बसवला, औषधे सुरू झाली. पैशांच्या काळजीने पुष्कळ जण ही तपासणी टाळतात, म्हणून सांगतो, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे, आधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन जावे. शिवाय अंजायनाच्या प्रत्येक पेशंटला स्टेंट लागतोच असेही नाही. कित्येकांचे काम नियमित औषधांवर, तंबाखू सोडण्यावर आणि चालण्यावर भागते.

हो, चालण्यावर. इथे गैरसमज नको. चढाने गुरुजींचे हृदय बिघडवले नाही, बिघडलेले दाखवून दिले. हेबर्डन यांनीच आपल्या एका पेशंटची गोष्ट लिहिली आहे. तो रोज अर्धा तास लाकूड कापायचा नेम धरून होता आणि त्याचा त्रास जवळजवळ गेला. १९५३ साली लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. (ड्रायव्हरांच्या पँटी मुळातच मोठ्या मापाच्या होत्या हेही मॉरिस यांनीच पुढे दाखवले, म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नाही. संशोधक असा असावा.) पण तेव्हापासून पुढे झालेल्या अनेक अभ्यासांनी चालण्याची बाजू पक्कीच केली आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास.

आता चढ आणि सपाटी यात एवढा फरक का, ते बघू. सपाटीवर आपण शरीर पुढे ढकलतो, चढावर ते उचलावे लागते. शंभर फूट चालताना दहा फूट वर गेलो, तर त्याच वेगाने शरीराला सपाटीच्या दुपटीहून जास्त काम पडते. माणसाला वाटते, ‘आपण तेवढेच तर चालतोय.’ पाय तेवढेच चालतात, हृदय तेवढेच चालत नाही. चिखलदऱ्याची हवा वर्ध्याहून थोडी विरळ आहे, दाब सुमारे दहा टक्के कमी. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही, म्हणून ‘तिथे ऑक्सिजन कमी पडला’ हे कारण सांगून छातीचे दुखणे झटकू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात. पहाटेचा गारवा आणि भरल्या पोटी चढ या दोन्ही गोष्टी मिळाल्या तर हृदयावर जास्त ताण येतो.

तेव्हा गॅस कोणता आणि हृदय कोणते, हे घरी कसे ओळखायचे? शंभर टक्के ओळखता येत नाही, डॉक्टरलाही नेहमी येत नाही. पण दोन प्रश्न स्वतःला विचारा. श्रमाने येतो का? थांबल्यावर दोन-पाच मिनिटांत जातो का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर ढेकर येऊन मोकळे वाटले तरी त्याला गॅस म्हणू नका. दुखणे छातीच्या मधोमधच असते असेही नाही. गळ्यात, जबड्यात, डाव्या हातात, पाठीत किंवा बेंबीच्या वरच्या भागातही धरते. एका बोटाने ‘इथेच टोचते’ असे दाखवता येणारे दुखणे बहुधा हृदयाचे नसते. अख्खी मूठ छातीवर ठेवून दाखवणाऱ्याला मात्र मी आता लवकर सोडत नाही. मधुमेह्यांना आणि बायकांना कधी कधी दुखतच नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, गळून गेल्यासारखे होते. ‘आईला हल्ली जिना चढवत नाही, वय झालं’ असे म्हणणाऱ्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आणि थांबूनही गेले नाही तर? पंधरा-वीस मिनिटे दुखत राहिले, बसल्या जागी दुखू लागले, थंड घाम आला, तर तो हृदयविकाराचा झटका समजायचा. तिथे चालायचे नाही, दुचाकीवर मागे बसवून न्यायचे नाही. १०८ ला फोन करायचा. डोंगरात फोन लागत नसेल तर मिळेल ती गाडी घेऊन, पेशंटला आडवे किंवा टेकून बसवून जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे. अॅस्पिरीनची तीनशे किंवा सव्वातीनशे मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्यावी. अॅस्पिरीन सोसत नसेल, पोटातून रक्त गेल्याचा इतिहास असेल तर नाही. सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी आधी समजावून दिली असेल तरच वापरावी. आणि एक गोष्ट संकोच सोडून सांगतो. ज्यांनी एक-दोन दिवसांत पुरुषांच्या ताकदीची गोळी घेतली असेल त्यांनी सॉर्बिट्रेट घेऊ नये, रक्तदाब धोकादायक उतरतो. डॉक्टरला ते स्पष्ट सांगावे. जीव मोठा की लाज मोठी?

मग चिखलदऱ्याला जायचे की नाही? जायचे, पण तयारी करून. निघण्याच्या महिनाभर आधी चढाची सवय सुरू करावी. वर्ध्याची हनुमान टेकडी आहे, हिंदी विद्यापीठाच्या बाजूचे चढ आहेत, समुद्रपूरवाल्यांना गिरड आहे आणि काहीच नसेल तर घराचा जिना आहे. चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये, हा योग्य वेग. वाक्य तुटू लागले की वेग कमी करावा. या महिन्यात चढावर काही धरले तर ते इथेच कळेल, जिथे दवाखाना दहा मिनिटांवर आहे.

चढ हृदय पाहतो, तर उतार गुडघे पाहतो. लोकांना वाटते उतरणे सोपे. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन पेलत असतो, त्यामुळे तिथे बारीक इजा होते आणि ठणका लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, घरी आल्यावर. तो आपोआप जातो, इंजेक्शन घ्यायला येऊ नये. गुडघे झिजलेल्यांनी काठी घ्यावी, पावले लहान टाकावीत आणि धावत उतरू नये. काठी म्हातारपणाची खूण आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी गांधीजींचा कोणताही फोटो बघावा. जुनेच, पायात बसलेले बूट घालावेत. नव्या बुटाचा फोड मधुमेह्याला महिनाभर पुरतो आणि पायाला मुंग्या येत असतील तर तो फोड कळतही नाही. रात्री दिव्याखाली तळपाय बघावेत, वाकता येत नसेल तर घरच्यांनी बघावेत.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची साखर चालताना खाली येते. हात थरथरणे, घाम, भूक, चिडचिड ही तिची लक्षणे आहेत. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. आमचे दुकानदार शक्कर तलाव लांबून पाहतात ते ठीक, पण खिशात शक्कर जवळ पाहिजे. रक्तदाबाच्या गोळ्या प्रवासात चुकवू नयेत. वाटेत लघवीची अडचण म्हणून काही मंडळी गोळीही घेत नाहीत आणि पाणीही पीत नाहीत. दोन्ही चूक.

शेवटी गवताचे. पावसाळ्यानंतर कमरेएवढ्या गवतात, झुडपांत एक बारीक माइट असतो. त्याची अळी चावली की स्क्रब टायफस नावाचा ताप येतो. २०१८ मध्ये नागपूर भागात आणि विदर्भात त्याचे बरेच रुग्ण सापडले, काही दगावलेही. चावलेले कळत नाही. एक ते तीन आठवड्यांनी थंडी-ताप, सडकून डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. पुष्कळदा काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, ती दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. डॉक्सिसायक्लीनने हा ताप लवकर आटोक्यात येतो, उशीर झाला तर किडनी, फुप्फुस, मेंदू सापडतो. म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायमोजे घालावेत. फोटोसाठी गवतात लोळू नये. परत आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून आंघोळ करावी. आणि ताप आलाच तर ‘आम्ही जंगलात गेलो होतो’ हे डॉक्टरला न विचारता सांगावे. डॉक्टर अर्धे वाक्य ऐकतात, हे तर आता तुम्हाला माहीतच आहे.

गुरुजींची पुन्हा पट्ट्यावर चालवून तपासणी झाली, ती चांगली आली. हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिली. २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही पुन्हा तीच वाट धरली. न्याहारी हलकी घेतली होती आणि निघण्याआधी तासभर थांबलो होतो. पहिल्या चढावर गुरुजी मध्येच उभे राहिले. माझा हात पिशवीकडे गेला. ते म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, छातीत काही नाही. मागच्या वेळी मी तळं पाहिलंच नव्हतं.’

आम्ही दोघे तिथे चांगली पाच मिनिटे उभे होतो. काळापाणीला सगळ्यांच्या शेवटी पोचलो. रबडी त्यांनी परतताना खाल्ली, दोन चमचे, माझ्यासमोर.